थंडीतलं सूत, थंडीतली लोकर: वाचकांचे प्रश्न

सोलापूरच्या थंडीला कुणी फारसं मनावर घेत नाही. पहाटे पारा १५ च्या आसपास उतरतो, दुपारी पुन्हा ३० ला टेकतो, आणि नऊ-दहा वाजले की स्वेटर खुंटीवर जातो. सूत, लोकर आणि रंगाचं पातेलं यांच्याशी ज्यांचा रोजचा संबंध आहे त्यांना मात्र हे दोन-अडीच महिने जड जातात. या वेळी आलेली पत्रं वाचताना एक गोष्ट सारखी जाणवली. तक्रार थंडीची असली तरी कारण बहुतेक ठिकाणी दुपारची कोरडी हवा नाहीतर टाकीतलं गार पाणी हे आहे. म्हणून कोणतं काम किती वाजता करायचं, हे उत्तरांमध्ये मुद्दाम सांगितलं आहे.

प्रश्न: घरी ३० इंची हातमागावर भिंतीवर लावायचे पट विणते. ताण्याला (उभ्या दोऱ्यांना) २/२० चं, म्हणजे वीस नंबरचे दोन पदर पिळलेलं, सुती सूत. दिवाळीपर्यंत काही त्रास नव्हता. आता सकाळी काम बरं चालतं, पण अकरा-बारानंतर धागे तुटायला लागतात, त्यातही कडेचे जास्त. फणीखाली (ताण्याचे दोरे जिच्या दातांतून जातात ती) पांढरी पिठीही पडते. सूत तेच, व्यापारी तोच. खळ (दोऱ्याला लावायची पिठाची पेज) कमी पडते का? (साखर पेठ)

उत्तर: खळ कमी नाही, ती वाळून कडक झाली आहे. फणीखालची पिठी हीच त्याची खूण. दोऱ्यावरचा खळीचा पापुद्रा तडकून गळतो आणि उघडा पडलेला दोरा फणीत घासून तुटतो.

मुळात कापूस ओलाव्यावर तगतो. ओला सुती दोरा कोरड्यापेक्षा मजबूत असतो. लोकरीचं याच्या उलट आहे. हवेत ६५ टक्के आर्द्रता असेल तर सुतात वजनाच्या साधारण साडेआठ टक्के पाणी असतं. हिवाळ्यातल्या दुपारी आर्द्रता तिशीला आली की तेच साडेचार-पाच टक्क्यांवर येतं. म्हणजे किलोभर सुतातून तीस-चाळीस ग्रॅम पाणी नुसतं हवेत जातं, आणि दोरा ठिसूळ होतो. पहाटे हवा गार असते, आर्द्रता चढलेली असते, म्हणून सकाळी तुमचं काम बरं चालतं. यंत्रमागाच्या शेडमध्ये हवेत पाण्याचा फवारा सोडतात तो याचसाठी.

तेव्हा पहिला बदल वेळेचा करा. विणायला सकाळी साडेसात ते अकरा बसा. कांड्या भरणं, गाठी, झालर, शिवण ही कामं दुपारवर टाका. दुपारी विणायचंच असेल तर दोन गोणपाटं भिजवून, पिळून मागाच्या खाली ताण्याजवळ लटकवा, पण लोखंडी भागांना टेकू देऊ नका, गंजाचा डाग सुतावर बसतो. फरशी पुसून ओली ठेवा. छताचा पंखा बंद, पश्चिमेची खिडकी बंद. आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ बाजारात मिळतं, ते मागापाशी टांगा आणि काटा ६५ ते ७० मध्ये ठेवा. ८० च्या वर जाऊ देऊ नका, खळ मऊ पडून दोरे एकमेकांना चिकटतात आणि दोन-तीन दिवसांत बुरशीचा वास येतो.

आता खळ. एक किलो सुताला १०० ग्रॅम तांदळाचं पीठ आणि ३ लिटर पाणी. पीठ आधी गार पाण्यात गुठळी न राहता कालवायचं, मग उकळत्या पाण्यात सोडून पारदर्शक होईपर्यंत ढवळत शिजवायचं. उतरवल्यावर गरम असतानाच १५ मिलि ग्लिसरीन आणि चमचाभर खोबरेल घाला. ग्लिसरीन हवेतला ओलावा धरून ठेवतं, त्यामुळे पापुद्रा लवचिक राहतो. खोबरेल मात्र थंडीत गोठतं. गार खळीत घातलं तर त्याचे कण होतात आणि सुतावर तेलकट ठिपके पडतात. उन्हाळ्यात न जाणवणारी ही चूक डिसेंबरात हमखास होते.

तुमच्या मापाचा हिशेब असा. २/२० चं सूत एका ग्रॅमला साधारण १७ मीटर भरतं. इंचाला २० दोरे धरले तर ३० इंचांत ६००, आणि ४ मीटरचा ताणा म्हणजे २,४०० मीटर. वजन १४० ग्रॅमच्या थोडं वर. त्याला १४ ग्रॅम पीठ आणि ४२० मिलि पाणी पुरतं. अंदाजाने वाटीभर पीठ घेतलंत तर ते सात-आठ पट होईल.

कडेचेच दोरे का तुटतात? विणताना कापड आत ओढलं जातं, त्यामुळे कडेचे दोरे फणीतून तिरके जातात आणि जास्त घासतात. बाणा (आडवा दोरा) सरळ रेषेत ओढून न घेता कमानीसारखा थोडा सैल टाका, मग ठोका. दोन्ही कडांचे चार-चार दोरे फणीच्या एका घरात दोन-दोन भरले तरी फरक पडतो. रात्री उठताना बीमचा (ताणा गुंडाळलेल्या रुळाचा) ताण अर्धा फेरा सैल करून ठेवा.

प्रश्न: सुती लड्या घरी रंगवतो. जूनमध्ये ज्या मापाने गडद निळा आला त्याच मापाने आता फिकट येतो आणि धुताना निम्मा रंग वाहून जातो. रंग जुना झाला असेल का? (विडी घरकुल)

उत्तर: डबा घट्ट बंद असेल तर सहा महिन्यांत पुडीतला रंग एवढा मरत नाही. तुम्ही वापरता तो थंड पाण्यात बसणारा रिॲक्टिव्ह रंग आहे असं धरतो. "थंड" या शब्दाने इथे फसगत होते. या रंगाला ३५ ते ४० अंश लागतात. जूनमध्ये गच्चीवरच्या टाकीतलं पाणीच तेवढं तापलेलं असतं, तुम्हाला ते कळतही नाही. डिसेंबरात सकाळी तेच पाणी २० अंशांवर असतं. गार पाण्यात रंगाची कापसाशी होणारी क्रिया मंदावते. ठरलेल्या तासाभरात ती अर्धीच होते, आणि उरलेला रंग धुण्यात जातो.

अर्धा किलो सुतासाठी १० लिटर पाणी घ्या. २० अंशांचं साडेसात लिटर आणि उकळतं अडीच लिटर मिसळलं की बरोबर ४० होतात. थर्मामीटर नसला तरी हे माप चुकत नाही. रंग १० ग्रॅम (सुताच्या २ टक्के), साधं बारीक मीठ ५०० ग्रॅम, सोडा ॲश (धुण्याच्या सोड्याची कोरडी पूड) २०० ग्रॅम. रंग वाटीभर पाण्यात आधी कालवून पातेल्यात सोडा, ओल्या लड्या बुडवा, दहा मिनिटांनी मीठ दोन-तीन हप्त्यांत घाला. लड्या बाजूला घेऊन घाला, वर टाकू नका. अर्ध्या तासाने सोडा वेगळ्या गरम पाण्यात विरघळवून, पुन्हा लड्या बाहेर काढून, पातेल्यात ओता. सोडा पडल्यापासून एक तास मोजायचा, त्याआधीचा वेळ धरायचा नाही. या तासात पाणी गार होऊ द्यायचं नाही. पातेलं जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळून, झाकण लावून, दुपारच्या उन्हात ठेवा. दर दहा मिनिटांनी लड्या फिरवा. गारठ्याच्या दिवशी तासाचे दोन तास करा, नुकसान काही नाही.

सोड्याबाबत एक घोटाळा वारंवार होतो. किराणा दुकानातला खाण्याचा सोडा चालत नाही, तो फार सौम्य आहे. धुण्याच्या सोड्याचे पारदर्शक खडे मिळतात ते चालतात, पण त्यांच्या वजनात निम्म्याहून जास्त पाणीच असतं, म्हणून २०० ग्रॅम सोडा ॲशच्या जागी सुमारे ५४० ग्रॅम खडे लागतील. २०० च घातले तर थंडी नसली तरी रंग फिका येईल. तुम्ही मध्ये सोडा बदलला असेल तर आधी हे तपासा.

नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून बरेच जण बोअरचं पाणी वापरतात. ते जड असतं. सोडा पडला की त्यातला चुना खाली बसतो, लड्यांवर पांढरट साय धरतो आणि रंग ठिपकेदार येतो. लिटरला १ ग्रॅम सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट (रंगांच्या दुकानात "मेटाफॉस" मागा) रंगाच्या आधी घातलं की हा त्रास टळतो.

धुताना गार पाण्याने दोनदा, मग लिटरला १ ग्रॅम साबण घालून जवळजवळ उकळत्या पाण्यात दहा मिनिटं, मग पुन्हा साध्या पाण्याने. रंगाची पूड हाताळताना नाकाला मास्क आणि पंखा बंद. कोरड्या हवेत ती पूड फार उडते, आणि या रंगांनी दम्याचा त्रास सुरू झाल्याची उदाहरणं रंगकामगारांमध्ये आहेत. यात हयगय करू नका.

प्रश्न: नवी चादर पहिल्यांदा मिठाच्या पाण्यात भिजवली की रंग पक्का होतो, असं सासूबाई सांगतात. खरं का? (शेळगी)

उत्तर: नाही. चादरीतून निघतो तो रंग कापसाशी कधी जोडलाच गेलेला नसतो, वरवर अडकलेला असतो. मीठ त्याला पाण्यात उतरू देत नाही, म्हणून त्या दिवशी बादली स्वच्छ दिसते आणि वाटतं की रंग पक्का झाला. पुढच्या साध्या धुण्यात तो बाहेर येतोच, आणि तेव्हा शेजारी पांढरा टॉवेल असतो. पहिल्या दोन वेळा चादर एकटी, ५०-६० अंशांच्या पाण्यात, थोड्या साबणाने धुवा आणि जेवढा जायचा तेवढा रंग जाऊ द्या. सासूबाईंच्या काळी रंग वेगळे होते आणि निगाही हातची होती. त्यांची चादर टिकली ती मिठामुळे नाही, सावलीत वाळवण्यामुळे टिकली असावी.

प्रश्न: संक्रांतीसाठी सुती ओढण्या काळ्या रंगवायच्या आहेत, पण बाजारचा रंग नको. आपल्याकडे डाळिंबाच्या साली पोत्याने मिळतात. त्यातून काळा होईल का? (जुळे सोलापूर)

उत्तर: नुसत्या डाळिंबातून काजळासारखा काळा होत नाही, हे आधीच सांगतो. मिळतो तो गडद राखाडी, किंचित हिरवट झाक असलेला. हिरड्याची जोड दिली तर बराच खोल जातो. डाळिंबाच्या सालीत टॅनिन भरपूर असतं आणि टॅनिन लोखंडाला भेटलं की काळं होतं. चिरलेला आवळा लोखंडी कढईत काळा पडतो तीच ही क्रिया.

ओढण्यांचं कोरडं वजन २५० ग्रॅम धरू. पहिल्या दिवशी कापडातला मळ काढायचा. ८ लिटर पाण्यात ५ ग्रॅम सोडा ॲश आणि ५ ग्रॅम साबण घालून तासभर उकळा. पाणी पिवळट-तपकिरी झालेलं दिसेल. ते कापसातलं मेण आणि मळ आहे, आणि दुकानातून आणलेल्या "पांढऱ्याशुभ्र" कापडातूनही तो निघतो. ही पायरी गाळली की पुढे ढगाळ डाग पडतात, आणि मग दोष सालींना दिला जातो.

वाळलेल्या साली १२५ ग्रॅम, कुटलेला हिरडा ५० ग्रॅम, रात्रभर ५ लिटर पाण्यात भिजत. सकाळी पाऊण तास उकळून दुहेरी फडक्यातून गाळा. सालीचा चुरा कापडाला लागला तर तिथे लोखंडाचा काळा ठिपका उठतो, म्हणून गाळण्यात कसूर नको. पाणी ८ लिटर करा, ६० अंशांवर ओढण्या बुडवून तासभर हलवत राहा आणि त्याच पाण्यात रात्रभर ठेवा. भांडं स्टीलचं घ्या, लोखंडी नको.

तिसऱ्या दिवशी ओढण्या पिळा, पण धुऊ नका. दुसऱ्या बादलीत ८ लिटर कोमट पाणी आणि हिराकस (फेरस सल्फेट, लोखंडाचा क्षार) साडेसात ग्रॅम, म्हणजे कापडाच्या ३ टक्के. ओढणी पूर्ण उलगडून एकदम बुडवा आणि पंधरा मिनिटं हात थांबवू नका. घडी राहिली तिथे पट्टा पडतो. रंग डोळ्यांसमोर पिवळ्याचा राखाडी होतो. बाहेर काढून दहा मिनिटं हवेत धरा, तो अजून गडद होतो. मग धुवा. आणखी खोल हवा असेल तर हिराकस वाढवायचा नाही. पुन्हा सालीच्या पाण्यात अर्धा तास, पुन्हा त्याच हिराकसाच्या पाण्यात पाच मिनिटं. हिराकस ५-६ टक्क्यांवर गेला की कापड खरखरीत होतं आणि वर्षा-दोन वर्षांत घडीवर विरतं. जुन्या छापील कापडांत काळी रेघ तेवढी गळून पडलेली दिसते ती अशीच. शेवटी साबणाच्या पाण्यातून काढा, नाहीतर ओढणीचा काळा रंग गळ्याला लागेल.

हिराकसाऐवजी गूळ-लोखंडाचं पाणी करणारेही आहेत. ५ लिटर पाणी, अर्धा किलो गूळ, किलोभर गंजके खिळे, तोंडाला फडकं बांधून ठेवायचं. उन्हाळ्यात पंधरा दिवसांत वर फेस येतो, थंडीत महिना घेतं. संक्रांतीला हवं तर नोव्हेंबर संपायच्या आत घालायला हवं होतं. यंदा हिराकसच वापरा.

प्रश्न: सांगोल्याकडच्या धनगरांकडून तीन किलो काळी लोकर घेतली. किलोभर धुतली तर त्याचा घट्ट गोळा झाला. गरम पाण्यात घातली होती, साबण चांगला होता, मग बादलीतल्या पाण्याने खळबळून काढली. उरलेली दोन किलो वाचवायची आहे. (होटगी रस्ता)

उत्तर: तुमच्या शेवटच्या वाक्यात उत्तर आहे. लोकरीचा प्रत्येक केस खवल्यांचा असतो. गरम पाण्यात खवले उघडतात. अशा केसांना एकदम २० अंशांचं पाणी आणि वरून हाताची घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकतात, आणि अडकलेले पुन्हा सुटत नाहीत. नमदा (दाबून घट्ट केलेली लोकर) मुद्दाम असाच करतात. गोळा झालेली लोकर टाकू नका. कात्रीने पट्ट्या कापून पटात जाडी देण्यासाठी किंवा पायपुसण्यासाठी ती उत्तम आहे.

उरलेली लोकर आदल्या रात्री साध्या गार पाण्यात भिजवा, न हलवता. घाम आणि निम्मी माती इथेच सुटते. ते पाणी झाडांना घाला. सकाळी कांद्याच्या जाळीदार पिशवीत अर्धा-अर्धा किलो सैल भरा. किलोला २० लिटर पाणी, ४५ ते ५० अंश, त्यात ५० ग्रॅम सौम्य द्रव साबण. पिशवी वरून दाबून बुडवा आणि पंधरा मिनिटं हात लावू नका. उचला, निथळू द्या, पिळू नका. दुसरी बादली आधीपासून तेवढ्याच तापमानाची तयार हवी. थंडीत सगळी गंमत इथे आहे. पहिल्या बादलीवर लक्ष असतं तोवर दुसरी गार होते, म्हणून दुसरीचं पाणी ५ अंश जास्तच ठेवा. साबणाचं पाणी दोनदा, साधं दोनदा, शेवटचं कोमट. सोडा अजिबात नको, त्याने लोकर पिवळट आणि तुटकी होते. दुपारी बाजेवर सावलीत पसरा. दोन दिवस लागतील. धुतल्यावर वजन घटणार आहे, पुढच्या वेळी भाव ठरवताना ते धरा.

पिंजताना केस उडून हाताला, साडीला चिकटतील. ती कोरड्या हवेतली वीज. लोकर सामान्य हवेत वजनाच्या साधारण १५-१६ टक्के पाणी धरते, आता ते उडालेलं असतं. किलोभर लोकरीवर ५०-६० मिलि पाण्यात अर्धा चमचा ग्लिसरीन मिसळून फवारा, ओलसर फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवा आणि सकाळी पिंजा. पेळू सैल राहतात आणि टकळीवर दोरा अडत नाही.

दख्खनी मेंढीची लोकर जाड असते. तिचा बारीक मऊ दोरा काढण्याचा हट्ट करू नका. दोन मिलिमीटरच्या आसपास जाडी ठेवा, पीळ मध्यम. ती अंगाला टोचते याचं कारण जाड केसाचं टोक वाकत नाही, कातडीत रुततं. धुऊन किंवा तेल लावून हे जात नाही. भिंतीवरचे पट, जाजम, बैठका यांना मात्र हिच्यासारखी लोकर नाही. ताण्याला वापरणार असाल तर सनगर घोंगडीला देतात तशी चिंचोक्याची खळ द्या. चिंचोके भाजून, वरचं टरफल काढून, भिजवून वाटायचे, शिजवायचे आणि ताणलेल्या दोऱ्यांवर कुंच्याने एकाच दिशेने ओढायचे.

प्रश्न: बोटांना भेगा पडतात आणि त्यात रेशमी, बारीक सुती दोरा अडकून केस निघतात. हातमोजे घालून विणता येत नाही. (नवी पेठ)

उत्तर: रात्री झोपताना आमसुलाचं तेल (भिरंडेल) दिव्यावर वितळवून भेगांत भरा आणि जुने सुती मोजे हातात चढवून झोपा. टाचांना लावतात तेच. कामाच्या आधी मात्र कोणतंही तेल नको, दोऱ्यावर डाग पडतो आणि पुढे तिथे रंग बसत नाही. सकाळी कोमट पाण्याने धुऊन, बोटांची टोकं नखाच्या बारीक कानशीने हलकेच घासली की दोरा अडकत नाही. सोडा किंवा चुना हाताळताना रबरी मोजे घातले तर निम्म्या भेगा पडतच नाहीत. भेगेतून रक्त येत असेल किंवा सूज असेल तर डॉक्टरांना दाखवा आणि तोवर रंगकाम बंद.

प्रश्न: पेटीतून घोंगडी काढली तर मध्ये चाळणी झालेली. डांबरगोळ्या होत्या तरी. शेजारीच माझ्या लोकरीच्या लड्या आहेत. (मजरेवाडी)

उत्तर: लड्या आजच वेगळ्या करा. खाणारी ती कसरीची अळी, उडणारा पतंग नव्हे. तिला अंधार, न हलणारी घडी आणि घामाचा, तेलाचा डाग आवडतो. नुकसान पावसाळ्यानंतरच्या उबेत झालेलं असतं, आपल्याला दिसतं ते आता. घोंगडी गच्चीत दोरीवर टाकून काठीने झोडपा आणि ब्रशने घड्या, शिवणी साफ करा. अंडी तिथेच असतात. हिवाळ्यातल्या उन्हाने अळ्या पळतात, अंडी मरत नाहीत. मेमध्ये काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गच्चीत ठेवली तर आतली उष्णता ५५ च्या वर जाऊन मरतात, तेवढं ऊन आता नाही. म्हणून लड्यांसाठी फ्रीझर. प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बांधा, उणे १८ अंशांवर आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडू नका, नाहीतर हवेतलं पाणी गार लोकरीवर जमून ती ओली होईल. घोंगडी मावत नसेल तर ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याचा मोठा फ्रीझर विचारा.

डांबरगोळ्यांचा वास पेटी सारखी उघडली की विरतो, मग उपयोग राहत नाही. शिवाय त्या वासाची घोंगडी लहान मुलाच्या अंगावर घालू नये, तो श्वासातून बाधतो. कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवायला हरकत नाही, पण तो राखणदार आहे, आत आलेल्याला मारत नाही. खरी राखण एकच, धुऊन पूर्ण वाळवलेली लोकर जाड पिशवीत बंद ठेवणं आणि दर दोन महिन्यांनी उलगडणं.

प्रश्न: संध्याकाळी ट्यूबखाली जुळवलेले दोन पिवळे सकाळी वेगळेच दिसतात. (अशोक चौक)

उत्तर: वेगवेगळ्या रंगद्रव्यांतून आलेले दोन पिवळे एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात फुटतात. यावर इलाज उजेडाचाच. या दिवसांत सूर्य दक्षिणेकडून जातो, त्यामुळे उत्तरेच्या खिडकीत थेट ऊन येत नाही. तिथे दहा ते तीन या वेळात, पांढऱ्या कागदावर, दोरे गुंडाळून जुळवा. सहाच्या सुमाराला दिवस मावळतो, म्हणून साडेचारनंतर रंगाचा निर्णय घेऊच नका. आणि ओला दोरा नेहमी गडद दिसतो, पूर्ण वाळवूनच तुलना करा.

प्रश्न: जुन्या नऊवारींची वाकळ शिवायला घेतली. मध्यापर्यंत आले तर वरचा थर फुगून चुण्या पडल्या. दोरा किती लागेल याचाही अंदाज नाही. (बाळे)

उत्तर: कडेने सुरू करून गोल फिरत आत जायची आपली पद्धत चांगली आहे, कडा भक्कम होतात. पण सैलावा आत ढकलला जातो आणि मध्यावर साचतो. त्यासाठी आधी कच्चे टाके हवेत, आणि ते मात्र मध्यापासून बाहेर. पाच थर जमिनीवर पसरा, सर्वांत वरचा हाताने सपाट करत मध्यातून चारही कडांकडे चार-चार बोटांच्या अंतरावर लांब टाके घाला. मगच धावदोरा. सगळे थर आधी धुतलेले हवेत, आणि सुतीत एखादी टेरीकॉटची साडी घुसवू नका. ती आटत नाही, बाकीच्या आटतात, आणि चुण्या पहिल्या धुण्यानंतर पडतात.

सहा बाय चार फुटांच्या वाकळेत ओळी सव्वा सेंटिमीटरच्या आसपास ठेवल्या तर शिवणीची एकूण लांबी १८० मीटरच्या घरात जाते. टाक्यांत खपणारा आणि टोकांना वाया जाणारा धरून २४० मीटर दोरा घ्या. एका वेळी दोन हातांपेक्षा लांब दोरा ओवू नका. दुपारच्या कोरड्या हवेत लांब दोरा पीळ घेऊन गाठी मारतो, मेणावरून एकदा ओढला की शांत होतो. पडलेल्या चुण्यांसाठी मध्यापासून बाहेर दहा-बारा ओळी उसवा, सैलावा एका बाजूला सारून घ्या आणि त्यावर उरलेल्या काठाचा चौकोन जोडून टाका. तेवढं उसवणं चुकवता येणार नाही.

प्रश्न: गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेत नंदीध्वजाबरोबर चालणाऱ्या घरच्या माणसांच्या बाराबंदीवर (पांढऱ्या अंगरख्यावर) तेलाचे आणि हळदीचे डाग पडतात. साबण लावला की हळद लाल होते, घाबरायला होतं. (कसबा)

उत्तर: लाल होणं म्हणजे डाग पक्का होणं नाही. हळदीला साबणातला खार लागला की ती लाल दिसते, साध्या पाण्याने धुतली की पुन्हा पिवळी. आधी तेल काढा, कारण हळद तेलातच मुरलेली असते. कोरड्या डागावर बेसन दाबून तासभर ठेवा, झटका, मग द्रव साबण चोळून पन्नास अंशांच्या पाण्यात अर्धा तास. राहिलेला पिवळा डाग ओला असतानाच उन्हात टाका. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, सोलापूरच्या जानेवारीतल्या उन्हातही दोन-तीन दुपारी पुरतात. इस्त्री डाग पूर्ण गेल्यावरच करा.